सेल पुरला कसा

अकोल्याच्या जठारपेठेत सहदेवचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात दोन आवाज कधी थांबत नसत. एक, कुठल्या तरी उघड्या रेडिओची खरखर आणि दुसरा खुद्द सहदेवचा. गिऱ्हाईक रेडिओ टेबलावर ठेवतं न ठेवतं तोच तो विचारायचा, "काऊन हो, बैलाले आयकवला का?" कोणाच्या सेटमधून झुरळ निघालं तर ते चिमट्यात धरून सगळ्या दुकानाला दाखवायचा आणि मालकाला म्हणायचा, हा तुमचा गवई मेला, आता बाजा कसा वाजणार. लोक हसत, ज्याचा रेडिओ असे तोही कसनुसं हसे, आणि काम चोख होत असल्यामुळे पुन्हा येई. बाजारात टोचून बोलणाऱ्याला लोक गमत्या म्हणतात. घरात त्यालाच काय म्हणतात, ते घरच्यांना विचारावं लागतं, आणि सहदेवच्या घरी तसं विचारायला कोणी कधी गेलं नव्हतं.

माणूस वाईट होता असं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, सकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडून दुकानात यायचं आणि दिवेलागणीला जुन्या शहरातल्या घरी परतायचं, एवढंच त्याचं जग. पण आपलं बोलणं दुसऱ्याला कुठे लागतं याचा त्याला कधी पत्ताच नसे. विंचवाला आपली नांगी कुठे दिसते?

त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, टेबलावरच्या काळ्या मीटरच्या काट्यावर. रेडिओ का बिघडला याबद्दल मालक काय सांगतो ते तो ऐकूनच घेत नसे. म्हणायचा, माणूस आपल्या सोयीनं सांगते, काटा सांगते ते खरं.

हे मीटर धरायला तो अमरावतीला शिकला, भगवंतराव या रेडिओच्या उस्तादाच्या हाताखाली. सहदेव पातूरकडच्या माळ्याचं पोर. बापाची इच्छा होती की पोराने मळ्यात वांग्या-मिरच्यांना पाणी धरावं, पण पोराने गावच्या पाटलाचा रेडिओ उघडून बघितला आणि तिथून त्याचं मातीतलं लक्ष उडालं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. खेड्यात वीज नव्हती, रेडिओ मोठाल्या बॅटऱ्यांवर चालत आणि त्या बॅटऱ्या असे पीत की जावयाची सरबराई परवडली. त्यामुळे भगवंतरावांकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच रडगाणं गात येई, सेट चांगला आहे पण बॅटरी पुरत नाही.

पहिल्याच महिन्यात सहदेवने उस्तादाचं मीटर जाळलं. बॅटरी किती खर्चते ते बघायचं म्हणून त्याने मीटरच्या दोन्ही तारा सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. काटा फाटकन आपटून वाकला आणि डब्यातून धूर आला. आता दोन कानफटात बसणार म्हणून तो गाल सावरून उभा राहिला, पण भगवंतरावांचा आवाज कधी चढत नसे. ते म्हणाले, "असं नाई बाप्पा. व्होल्ट पाह्यचा त बाहेरून हात लावला तरी चालते. करंट पाह्यचा त तार तोडा लागते, अन् मीटर त्या तुटल्या जागी उभं करा लागते. सारं त्याच्या आंगातून जाऊ द्यावं. तवा समजते, कोन किती पिते."

सहदेवने हे वाक्य जन्मभर जपलं. उस्तादाचं मीटर धरणं त्याने उचललं, त्याचं कसब उचललं, अकोल्यात येऊन स्वतःचं दुकान टाकलं. फक्त उस्तादाचा आवाज तेवढा तिकडे अमरावतीलाच राहिला.

लग्न झालं ते पातूरजवळच्याच फुलमाळ्याच्या मुलीशी. शकुन तिचं नाव. हात असे चालत की शेवंतीचा हार बघता बघता मांडीवरून जमिनीला टेके. जुन्या शहरातल्या घराच्या ओट्यावर बसून ती हार करी आणि शेजारच्या मैनाबाई ते घेऊन बाजारात जात. लग्नाला काही वर्षं झाली आणि तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, जीव वाचला, पण कान गेले. ढोल-ताशे वाजले तर पायाखाली हलल्यासारखं कळे, बाकी सगळं बंद.

बहिऱ्या माणसाचं घरात कसं होतं ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. आधी लोक ओरडून बोलतात. मग ओरडून दमतात. मग त्याच्याशी बोलायचं सोडून त्याच्यासमोर बोलायला लागतात. शकुनच्या सासूचं, मनकर्णाबाईंचं तसंच झालं. सून समोर तांदूळ निवडत असताना त्या आल्यागेल्याला सांगत, काय करता, दगड पदरात पडला. सहदेव तर बोलण्यात मायच्या पुढे. हात धुता धुता पाहुण्यांना हसून म्हणायचा, आमच्या घरी देवी हाय, पन दगडाची, नवस बोला नाई त शिव्या द्या, तिले सारं सारखंच. एकदा नातलग बसले होते आणि शकुनला माहेरी पोचवून दुसरी बायको करण्याची गोष्ट निघाली. कोणी तरी म्हणालं की आता कायदा आला आहे, जमणार नाही. सहदेव हसला आणि म्हणाला, पाहू. शकुन त्यांच्याच ताटात भाकरी वाढत होती. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि नवऱ्याच्या ताटात जरा जास्तच तूप सोडलं.

तोंड बघून बोलणं ओळखायला ती शिकली होती. घरात कोणाच्या हे ध्यानात आलं नाही, कारण ध्यान द्यायला कोणाला फुरसत होती?

सहदेवची मात्र एक तळमळ होती, ती खरी होती आणि ती सांगितली पाहिजे. दिवसभर दुकानात लोक त्याच्या बोलण्यावर टाळ्या देत, आणि घरी आला की समोर भिंत. आज कोणाची कशी फिरकी घेतली, कोणाचा सेट कसा जिता केला, हे सांगायला हक्काचं माणूस नाही. मायला रेडिओतलं कळत नसे आणि बायकोला ऐकू येत नसे. आपल्या बायकोने आपलं बोलणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. ज्याला बोलण्याचीच हौस, त्याला याहून मोठं दुःख नाही.

चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला ट्रान्झिस्टर रेडिओ खेडोपाडी जायला लागले आणि त्याच दिवसांत एका मयत पेन्शनराचा मुलगा दुकानात एक डबी घेऊन आला. चुन्याच्या मोठ्या डबीएवढं ते ऐकायचं मशीन होतं, विलायती. आत तीन-चार बारके ट्रान्झिस्टर, खाली एक पेन्सिल सेल, वर एक दातेरी चाक. चाक फिरवलं की टिच् करून मशीन सुरू व्हायचं, पुढे फिरवलं की आवाज वाढायचा. डबीतून एक बारीक तार निघून तिच्या टोकाला कानात घालायचं बोंड. मशीन मुकं झालं होतं. सहदेवने ते विकत घेतलं, दुकानाची फळी लावून भिंगाखाली उघडलं, तुटलेली तार जोडली आणि जोडता जोडता आपल्या अकलेने करंट अडवणारा एक रेझिस्टन्सही बदलला, म्हणजे सेल कमी खर्चेल.

घरी त्या संध्याकाळी गल्ली जमली. शकुनच्या पोलक्यात डबी अडकवली, कानात बोंड बसवलं. सहदेवने चाक हळूहळू फिरवलं आणि तिच्यासमोर वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय वं बहिरे, येते का आता आयकू?"

गल्ली हसली. शकुनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मनकर्णाबाईंनी ते आनंदाचं पाणी समजून तिच्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. सहदेवचेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोला. त्या दिवसापासून जठारपेठेत येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला की लोक बायकोला लुगडं देतात, मी कान दिले.

मग सहदेवच्या आयुष्यातले खरे सुखाचे दिवस आले. घरी पाय धुतले की त्याची कथा सुरू व्हायची ती जेवण संपेपर्यंत. शकुन समोर बसून ऐके. मान हलवी, हसायच्या जागी हसे, तो दम घ्यायला थांबला की "हो" म्हणे. मनकर्णाबाईही म्हणायला लागल्या, पोरगा कसा टवटवीत झाला पाहा.

आणखी एक चमत्कार झाला. मशीनचा सेल संपेना. दिवसभर लावलं तर असा सेल पंधरवड्यात मान टाकतो, हे त्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक. शकुनने पोळ्याला घातलेला सेल दसऱ्याला जिता होता. सहदेवने ते बघितलं आणि त्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. आपण बदललेला तो रेझिस्टन्स! विलायतेच्या साहेबाला जे सुचलं नाही ते आपण केलं. दुकानात ही कथा वाढत वाढत पार दिल्लीपर्यंत पोचली. कोणी विचारलं, मीटरवर बघितलं का, तर म्हणायचा, हातच्या काकणाला आरसा कशाला. जगाच्या रेडिओला मीटर लावणारा हा माणूस, पण घरच्या डबीला लावायची त्याला गरज वाटली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ही गोष्ट शहरातल्या एका कान-घशाच्या डॉक्टरांपर्यंत गेली. डॉक्टर सज्जन होते. त्यांच्या खेड्यातल्या रोग्यांची अडचण अशी की मशीन घेतात, पहिला सेल संपतो, गावात दुसरा मिळत नाही आणि मशीन ट्रंकेत जातं. सहदेवची युक्ती खरी असेल तर सगळी मशीनं त्याच्याकडून तशी करून घ्यायची त्यांची तयारी होती. दाखवायला या म्हणाले.

सकाळी सहदेवने शकुनला खुणेने सांगितलं की मशीन आज दे. तिने काढून दिलं, पण तिचा चेहरा उतरला. म्हणाली, दुपारपर्यंत आणून द्या. बायको आता मशीनशिवाय राहू शकत नाही, या कौतुकात सहदेव पूल ओलांडून गेला.

डॉक्टरांच्या टेबलावर त्याने आपली हत्यारं मांडली. अशा डबीत तार तोडायची सोय नसते, म्हणून त्याची एक पट्टी होती. पोस्टकार्डाच्या कागदाचा बारीक तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली, प्रत्येक बाजूला एक तार. ती पट्टी सेल आणि त्याच्या पत्तीच्या मध्ये सरकवली की वाट तुटते आणि करंट मीटरच्या अंगातून जातो. भगवंतरावांची ही करामत त्याने डॉक्टरांना समजावून सांगितली. मग तबकडीवर बोट ठेवून म्हणाला, दुसरी मशीनं पार इथपर्यंत जातात, आपलं मात्र इथेच थांबेल बघा.

चाक टिच् झालं. काटा उठला, त्याच्या बोटाखालून निघून गेला आणि पार तिकडे, जिथे सगळ्या मशीनांचा थांबतो तिथेच जाऊन उभा राहिला.

सहदेवने पट्टी पुसली. सेल बदलला. मीटर उलटंसुलटं करून तपासलं. डॉक्टरांनी कपाटातून एक नवीन मशीन काढून दिलं, त्याला पट्टी लावली. काटा तिथेच. दोन्ही मशीनं अगदी सारखं पीत होती. त्याने बदललेल्या रेझिस्टन्सने आवाज किंचित बसला होता, बाकी कशात काडीचाही फरक नव्हता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी साधं विचारलं, "मग सेल पुरला कसा?" आणि आपणच पुढे म्हणाले, "पिणं कमी नसेल तर पिण्याची वेळ कमी असेल. बाई दिवसभर लावत नसतील. दुपारी घरी एकट्या असतात, तेव्हा बंद ठेवत असतील."

सहदेवला हायसं वाटलं. हे त्याला कसं सुचलं नाही? दुपारी ती कोणाचं ऐकणार? मी घरी नसतो तेव्हा बंद ठेवते आणि सेल माझ्यासाठी राखून ठेवते. युक्ती फसली, डॉक्टरांपुढे नाक कापलं गेलं, तरी तो पूल ओलांडताना मनातून सुखावला होता. येताना त्याने शकुनसाठी केळीच्या पानात बांधून खवा घेतला.

ओट्यावर फुलांचा ढीग तसाच पडला होता. शकुन आणि मैनाबाई दोघी मुकाट्याने बसल्या होत्या. त्याला बघताच मैनाबाई म्हणाल्या, आणलं का मशीन, दे बाप्पा लवकर. सकाळपासून दोघी मुक्यासारख्या बसलो आहोत, हातच चालत नाही. रोज फुलं येतात तेव्हापासून बाजाराला जाईपर्यंत आमचं बोलणं खळत नाही, तुझी बायको किती बोलते तुला काय माहीत. त्यांनी हे हसत हसत सांगितलं. शकुनने त्याच्या हातून डबी जवळजवळ हिसकून घेतली, बोंड कानात बसवलं, चाक टिच् केलं आणि फुलांकडे खाली बघत, वर मानही न करता मैनाबाईंना म्हणाली, हं, मग तुमची विहीण काय म्हणाली?

सहदेव खव्याचं पान हातात धरून उभा राहिला. हिशेब त्याला आयता आला, तोच तर त्याचा धंदा होता. फुलं येतात तेव्हापासून बाजाराला जाईपर्यंत रोज मशीन चालू. सेल जेवढा खर्च झाला तेवढा त्याच वेळात खर्च झाला. सकाळसाठी आणि संध्याकाळसाठी त्यात थेंबसुद्धा उरत नव्हता. मशीन ज्या वेळी बंद असायचं, त्याच वेळी तो घरी असायचा.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने ताळा घेतला. नेहमीसारखी कथा सुरू केली, ती नेहमीसारखी मान हलवत राहिली. मग हात धुवायच्या निमित्ताने त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, शकुन, टॉवेल दे. काही नाही. पुन्हा म्हटलं. ती त्याच्या पाठीकडे बघत शांत उभी होती. तो वळला, तेच शब्द तोंडाने दाखवले, आणि टॉवेल हातात आला.

त्याने तिच्या पोलक्यातल्या डबीकडे बोट दाखवलं. तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि चाक फिरवलं. टिच्.

"मी आलो का मशीन काऊन बंद करतं तू?"

शकुनचा आवाज कान गेल्यापासून सपाट झाला होता, त्यात चढउतार नव्हता. तशा आवाजात ती म्हणाली, "तुमी काय बोलता ते मले मशीन नोतं तवा बी समजे. तोंड दिसे. तुमी हासून बोला, मले वाटे गंमत असन." तिने डबीवर बोट ठेवलं. "मशीन लावलं, आवाज आयकला, तवा समजलं का गंमत नोती."

शहाणा माणूस इथे खाली बसला असता. निदान गप्प तरी राहिला असता. सहदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. भरपूर बोलला तो. कान मी दिले, तू माझ्याच तोंडावर दार लावतेस, मैनाबाईच्या विहिणीची भानगड ऐकायला सेल पुरतो आणि नवऱ्यासाठी संपतो काय. मनकर्णाबाई आतून विचारू लागल्या की काय झालं. शकुनने अर्ध्यातच चाक मागे फिरवलं. टिच् झालं, आणि उरलेलं सगळं तो भिंतीशी बोलला.

चूक कळली की माणूस सुधारतो असं कीर्तनात सांगतात. सहदेव मेकॅनिक होता. बिघाड कुठे आहे ते त्याच्या मते त्याला सापडलं होतं, चाकात. दुसऱ्या दिवशी साफ करायचं म्हणून त्याने मशीन दुकानात नेलं. आत टिच् करणाऱ्या पत्तीवरून एक तारेचा तुकडा कथलाने झाळून टाकला, म्हणजे वाट कधी तुटायलाच नको. आवाज आपल्याला हवा तेवढा ठेवला आणि चाक लाखेने पक्कं बसवून टाकलं. आता सेल आत आहे तोवर मशीन बंद होणार नाही आणि आवाजही उतरणार नाही. घरी येऊन खुणेने सांगितलं, चाक खराब होतं, पक्कं केलं, रात्री निजताना सेल काढून ठेवत जा.

शकुनने चाकावरून अंगठा फिरवला. लाख अंगठ्याला लागली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली.

पंधरवड्यात सेल संपला. सहदेवने तो मीटरला लावून खात्री करून घेतली, अगदी रिकामा. त्या दिवशी दुकानात त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही. पुढचाही सेल तसाच वेळेवर संपला, आणि त्यापुढचाही. जगात बायका सेल पुरवून वापरतात म्हणून नवरे खूश होतात, आणि हा सेल संपला म्हणून खूश होत होता. काटा सांगतो ते खरं. सेल खर्च होतोय म्हणजे मशीन चालू आहे, मशीन चालू आहे म्हणजे बायको ऐकतेय. एक-दोन दिवस त्याने स्वतःचा आवाज जरा खाली ठेवूनही बघितला. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पुन्हा कथा सुरू झाल्या, दगडाच्या देवीचे विनोद सुरू झाले, शकुन पुन्हा मान हलवायला लागली, आणि सहदेवला वाटलं की संसार रुळावर आला.

थंडी पडायला लागली होती. संध्याकाळी तो जेवायला बसला होता, मनकर्णाबाई बाजेवर गोधडी घेऊन होत्या आणि शकुन समोर वाढायला. तो एका तलाठ्याची फजिती सांगत होता. रेडिओला ऊन दाखवायला म्हणून त्याच्या बायकोने तो गच्चीवर वाळत घातला होता म्हणे. ऐन रंगात असताना त्याला एक बारीक शिटी ऐकू आली. डासाच्या आवाजाहून थोडी मोठी, सरळ, न थांबणारी.

असल्या मशीनांवर काम करणाऱ्याला ती शिटी झोपेतही ओळखू येते. बोंड कानात घट्ट बसलेलं असेल तर आवाज कानात जातो आणि तिथेच राहतो. तेच बोंड कानाबाहेर लोंबत डबीजवळ आलं की मशीन आपलाच आवाज ऐकून ओरडायला लागतं. सहदेवने शकुनकडे बघितलं. तार पोलक्यातून वर गेली होती आणि पदराखाली केसांत शिरली होती, रोज जात होती तशीच. पण रोज केसांत खोचून ठेवलेलं बोंड आज घसरून खांद्यावर आलं होतं आणि पदराआडून शिटी घालत होतं. गावभर ऐकू गेली असती तरी ती शिटी शकुनला ऐकू येणं शक्य नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायच्या जागी हसली.

मशीन चालू होतं आणि सेल झिजत होता. पंधरवड्याला संपणाऱ्या त्या सगळ्या सेलांतला त्याच्या वाट्याचा भाग असाच केसांत संपला होता.

"काय वाजून राह्यलं रे?" मनकर्णाबाईंनी बाजेवरून विचारलं.

सहदेवने पुढचा घास उचलला. "कुठी?" तो म्हणाला. "मले त नाई येत आयकू."

आणि तो बोलायचा थांबला. तलाठी गच्चीवरच राहिला. शकुनने त्याचं तोंड मिटलेलं बघितलं, थोडा वेळ वाट बघितली, मग पदर सारखा केल्यासारखा करून बोंड कानात सरकवलं. शिटी बंद झाली. बाहेर ओट्यावर मैनाबाई आपल्या नातीला झोपवण्यासाठी काही तरी गुणगुणत होत्या. शकुनने मान किंचित त्या बाजूला कलती केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते सहदेवने लग्नापासून स्वतःसाठी आलेलं कधी बघितलं नव्हतं.

वरणात मीठ नव्हतं. मीठ दे म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर तिचा हात लगेच बोंड काढायला कानाकडे गेला.

त्याने तोंड मिटलं आणि वरण तसंच अळणी खाल्लं.